तपासबाईंचा हात

छापखान्यात तिला सगळे तपासबाई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव काहीतरी गोड होतं, पण हाक मारायला ते कुणाच्या उपयोगी पडलं नाही. काम एकच, इंग्रजी मजकूर तपासणं. औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, शाळांची माहितीपत्रकं, धुण्याचं यंत्र कसं वापरावं, कसं वापरू नये. मजकुरात काय लिहिलंय हे तिला कधी विचारू नये. ते तिच्या डोक्यात शिरतच नसे. डोळे अक्षरांवरून चालत आणि हातातलं लाल पेन कुठं थांबायचं ते आपलं आपण ठरवी.

हा हात तिच्या ताब्यातून केव्हा सुटला ते तिलाही आठवत नव्हतं. उपाहारगृहात गेली की वेटर यायच्या आत पदार्थांच्या यादीवर लाल खुणा पडलेल्या असत. एका शोकसभेच्या पत्रिकेतलं स्पेलिंग तिनं आधी सुधारलं आणि मगच डोळ्यांना पदर लावला. लोक हसत. तीही हसे. हाताला नाहीतरी हसू येत नव्हतंच.

तिचा थोरला भाऊ, दादा, किल्ल्या करायचा. घराच्या तळमजल्यावर त्याचं कुलपांचं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. दादा, वहिनी आणि तपासबाई असं तिघांचं बिऱ्हाड. जेवणाची वेळ म्हणजे वादाची वेळ. ताटात काहीही वाढलेलं असो, तोंडी लावायला इंग्रजीचं स्पेलिंग असेच.

"मला एवढं सांग," दादा पहिला घास घेण्याआधीच सुरू करी, "नाइफमध्ये तो के कशाला? बोलत नाही, चालत नाही. नुसता दारात पाय पसरून बसलाय."

"राखणदार आहे तो."

"राखणदार कसला, आयतोबा! मी अशी किल्ली केली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. जेवढ्या खाचा तेवढं काम. आणि ती ओ-यू-जी-एच? एकच किल्ली, पण टफमध्ये एक दार उघडते, ऑलदोमध्ये दुसरं, थ्रूमध्ये तिसरं. अशी किल्ली चोराकडे असते, सभ्य माणसाकडे नाही."

"दादा, साइनमधला जी गप्प असतो, कबूल. पण तोच सिग्नेचरमध्ये बोलतो की नाही? तो काढलास, तर ह्या दोघी एकाच घरातल्या आहेत हे कुणाला कळणार?"

"कळून करायचंय काय? सोयरीक जुळवायची आहे?"

"आणि लिहायचं तरी कुणाच्या उच्चारानं? तुझ्या? तू झोप आली की निम्मे शब्द गिळतोस."

"आपल्याकडे बघ. बोललं तसं लिहिलं. संपला विषय."

"हो? मग 'आणि'ची वेलांटी तू पहिली काढतोस का दुसरी?"

दादा पाण्याचा पेला तोंडाला लावी आणि बराच वेळ पीत राही. वहिनी म्हणे, "जेवणात मीठ आहे का नाही, एवढं सांगा कुणीतरी. त्याचं स्पेलिंग काहीही असू दे."

ह्या चेष्टेच्या तळाशी एक जुनी गोष्ट होती आणि ती दोघंही कधी वर काढत नसत. दादा शाळेत हुशार होता. कुणाच्याही कंपासपेटीचं बिघडलेलं झाकण बसवून देई. इंग्रजी तर फाडफाड बोले. पण कागदावर उतरवायला बसला की अक्षरं त्याच्याशी वैर धरत. स्पेलिंगच्या पायी एकदा वर्ग राहिला, मग पुन्हा एकदा राहिला, आणि धाकटी बहीण मागून येऊन त्याच्याच बाकावर बसली. हेडबाई उत्तरपत्रिका वाटताना म्हणाल्या, "बहिणीकडून शीक जरा." त्या वर्षी दादानं शाळा सोडली आणि कानस हातात घेतली. वर्गात बहिणीचं कौतुक झालं तेव्हा ती खूश झाली होती. ते खूश होणं तिला अजून मधूनच टोचे.

अशा दादानं एक पुस्तिका लिहिली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून, वर्षानुवर्षं. इंग्रजीत, आणि आपल्या स्वतःच्या सुधारलेल्या स्पेलिंगमध्ये. मुकी अक्षरं सगळी हाकललेली, एका आवाजाला एकच खूण. वाचनालयानं ह्या वर्षीच्या वादविवादाला तोच विषय ठेवला, 'इंग्रजी स्पेलिंग बदलायला हवं'. बाजूनं बोलायला दादाला बोलावलं. विरुद्ध बाजूला कोण, तर हेडबाई. निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीत होता.

दादानं ठरवलं, सभेच्या आधी पुस्तिका सभासदांच्या हातात पडली पाहिजे. कागदांचा गठ्ठा त्यानं बहिणीपुढं ठेवला.

"छोटे, तुझ्याच छापखान्यात देतो. पण हात लावायचा नाही."

"नाही लावणार. शब्द देते."

"शब्द नको. ते लाल पेन घरी ठेवून जा."

"पेनाशिवाय मला कामावर कोण उभं करेल? अरे, वर मोठ्या अक्षरात लिहिते, जसं आहे तसं ठेवणे. मग तर झालं?"

तिनं लिहिलंही तसं. पहिल्या पानाच्या डोक्यावर, खाली दोनदा रेघ मारून. पहिलं पान नुसतं नावाचं, ते तिनं हात मांडीखाली दाबून वाचलं. दुसऱ्या पानावर दादानं लिहिलं होतं की गप्प अक्षरं शब्दांची नाती सांगतात हा युक्तिवाद त्याच्या ओळखीची एक बाई रोज जेवताना करते, आणि तो ऐकून त्याला अपचन होतं. तपासबाईचं डोकं भडकलं. 'अपचन? मी? थांब, संध्याकाळी बघते.' ती मनातल्या मनात भांडायला लागली. तो एक बोले, ही दोन बोले. पानं उलटत गेली. मध्येच त्यानं एक मुद्दा इतका नेमका मांडला होता की ती एकटीच हसली, आणि मग उत्तर सुचलं तशी ओठ हलवून पुटपुटायला लागली. पुस्तिका संपली तेव्हा ती वाद जिंकली होती, चहा थंड झाला होता, आणि समाधानानं तिनं गठ्ठा टाइप करणाऱ्या बाईकडे सरकवला.

टाइप करणाऱ्या बाईनं 'जसं आहे तसं' वाचलं. मग आतली पानं बघितली. पानभर लाल. ती बिचारी गोंधळली, पण ह्या छापखान्यात लाल खूण म्हणजे हुकूम. तिनं एकूण एक दुरुस्ती घातली. शेवटचं प्रूफ आलं ते तपासबाईनं सवयीनं बघितलं, आपल्या खुणा उतरल्या आहेत का, एवढंच. सगळं स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की तिला बरं वाटलं, आणि का बरं वाटतंय ह्याचा विचार करायच्या आत तिनं सही केली.

निम्मे गठ्ठे परस्पर वाचनालयात गेले. निम्मे दुकानात आले. दादानं वहिनीला बोलावलं, पुस्तिका उघडली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. तपासबाई जिन्यात उभी राहून कौतुकानं ऐकत होती.

"'नाइफ असं लिहिणं आता बंद करू या,'" दादा इंग्रजी वाचून वहिनीला अर्थ सांगत होता, "'आणि त्याऐवजी साधं सोपं...'"

तो थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पहिल्या नाइफला के होता. दुसऱ्या नाइफलाही के होता. पुस्तिका म्हणत होती, नाइफ लिहू नका, नाइफ लिहा. पुढच्या पानावर म्हणत होती, आयलंडमधला एस काढला की शब्द कसा सुटसुटीत दिसतो पाहा, आणि खाली एससकट आयलंड ऐसपैस बसलं होतं. पानामागून पान. एकही शब्द सुटला नव्हता.

"दादा," तपासबाई जिन्यातूनच म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं रे. हात गेला."

दादानं पुस्तिका मिटली, कोऱ्या किल्ल्यांच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

रात्रीच्या जेवणाला तो वहिनीला म्हणाला, "तिला सांग, पाण्याचा तांब्या इकडे सरकव."

अबोला सुरू झाला.

हात गेला, ह्यावर कुणाचाच विश्वास बसेना. छापखान्याचे मालक डोळा मारून म्हणाले, "बाई, बरोब्बर काटा काढलात हो!" टाइप करणारी बाई म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या घरातली गंमत आहे." वहिनीनंसुद्धा भांडी लावता लावता विचारलं, "खरं सांगा वन्सं, थोडीशी तरी मजा वाटली ना?" आणि तपासबाईला शपथेवर नाही म्हणता येईना, कारण आठवून आठवून तिला एकदा हसू फुटलं होतं, ते वहिनीनं बघितलं होतं.

गावानं तर कहर केला. लोकांना वाटलं, दादानं उपहास लिहिलाय. न्हावी दुकानात येऊन म्हणाला, "काय लिहिता हो! नाइफऐवजी नाइफ! गिऱ्हाईकाच्या गालावर वस्तरा होता माझा, हात हलला." पोस्टमन म्हणाला, "सुधारणावाल्यांची चांगली जिरवलीत." दादा सगळ्यांना मान डोलावून किल्ल्या देत होता. आयुष्यभराचं म्हणणं त्यानं एकदा मांडलं, आणि लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते ती त्याच्याच विरुद्ध बोलल्याबद्दल. कानस चालायची तेवढाच दुकानात आवाज.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. यंत्रावर शाळांचं काम चढलेलं. तपासबाई वाचनालयातून एक गठ्ठा परत घेऊन आली, म्हटलं, पेनानं सुधारू. म्हणजे बिघडवू. टेबलाशी बसली, पहिला नाइफ घेतला, के खोडायला पेन टेकवलं. पेन पुढं जाईना. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ढकललं, तेव्हा के सोडून भलतीच रेघ टेबलावर उमटली. वहिनी दारातून बघत होती. तेव्हापासून निदान वहिनीचा तरी विश्वास बसला.

"तुमच्या दादाला सांगते मी," ती म्हणाली.

"काय म्हणाला?" थोड्या वेळानं तपासबाईनं विचारलं.

"म्हणाले, तिला सांग, नाटकं पुरे."

सभेच्या दिवशी वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. लोक पुस्तिका घेऊनच आले होते, आणि येतानाच हसत होते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते; त्यांना लोकांची तोंडं बंद करायची सवय नव्हती, तरी टेबलावर पेन्सिल आपटून त्यांनी शांतता मागितली. तपासबाई मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसली.

आधी हेडबाई बोलल्या. बोलल्या चांगलं, खोटं कशाला बोला. "स्पेलिंग बदललं, तर आज जे छापलंय ते सगळं उद्या पोरांना परकं होईल. घरातलं प्रत्येक पुस्तक पुन्हा छापणार कोण? आणि कुणाच्या जिभेप्रमाणे? ह्या दिवाणखान्यात एकच शब्द चार माणसं चार तऱ्हेनं बोलतात. लिहिणं एक आहे म्हणून तर आपण एकमेकांना वाचू शकतो. आणि शिस्त? अवघड गोष्ट पाठ करताना मूल नुसतं स्पेलिंग शिकत नाही, चिकाटी शिकतं." मग त्यांनी पुस्तिका उघडली. "बाकी माझं काम माझ्या विद्यार्थ्यानंच केलंय. ऐका. 'नाइफ लिहू नका, नाइफ लिहा.'"

दिवाणखाना कोसळला. हसता हसता एकाची खुर्ची मागं गेली.

दादा उठला. इस्त्रीचा शर्ट, नखांत कानशीची काळी धूळ. हसू ओसरेपर्यंत उभा राहिला.

"हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "माझं छापखान्यात सुधारलं गेलं. माझ्या बहिणीनं सुधारलं. ती म्हणते, मी केलं नाही, हात गेला. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही." तो अध्यक्षांकडे वळला. "अध्यक्षांनी तिला वर बोलवावं. माझा तिच्याशी अबोला आहे."

डॉक्टरांनी तिला वर बोलावलं. तपासबाई उठून गेली.

दादानं फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं. रात्रीच्या पहारेकऱ्यानं दार ठोठावलं, अशा अर्थाचं. त्याच्या स्पेलिंगमध्ये. नाइटमधले जी-एच गेलेले, नॉकमधला के गेलेला, गार्डमधला यू गेलेला. मग खडू बहिणीच्या हातात दिला, तिच्याकडे न बघता.

"माझं भाषण छोटं आहे," तो लोकांना म्हणाला. "बाई म्हणतात, हे स्पेलिंग शिस्त लावतं. मी म्हणतो, ते माणसाला वेसण घालतं. लहानपणी ज्याला येत नाही त्याला बाकावर उभं करतं, आणि ज्याला येतं त्याचा हात कायमचा ताब्यात घेतं. आता बघू या. हिचा हात गेला, तर ती खरं बोलत होती आणि माझंही खरं. नाही गेला, तर तिनं मुद्दाम केलं. मग मी दोन्हीकडून खोटा. खाली बसतो, आणि पुन्हा ह्या विषयावर तोंड उघडत नाही."

सगळ्यांच्या नजरा त्या हातावर.

आणि हात मेला. तपासबाईनं फळ्याकडे बघितलं. नॉकला के नव्हता, ढळढळीत नव्हता, आणि हात मांडीला चिकटून लोंबकळत होता. मनात त्याला हाक मारली, शिव्या दिल्या, काही उपयोग नाही. इतक्या वर्षांत त्यानं कधी परवानगी मागितली नव्हती. आज सगळे बघायला लागले तर लाजला. पुढच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. दादाचा जबडा आवळलेला तिला कडेनं दिसत होता. शाळेतल्या बाकावर पेपर हातात पडायचा तेव्हा असाच आवळायचा.

खोटं बोलल्याशिवाय आता खरं सिद्ध होणार नव्हतं. मग तिनं हात उचलला. स्वतःच उचलला. वर मात्र चेहरा असा केला, की बाई ग, हा चालला कुठं! डाव्या हातानं त्याला धरल्यासारखंही केलं. उजवा सुटला, फळ्यावर गेला, नाइटमध्ये जी-एच कोंबून आला, नॉकला के चिकटवून आला. लोक उठून उभे राहिले. ती माघारी वळली, खडू टाकला आणि जिवावरचं टळल्यासारखी हाश्शहुश्श करू लागली.

"गार्डमधला यू राहिला!" कुणीतरी कडाडलं.

हेडबाई होत्या. खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या, बोट फळ्याकडे रोखलेलं. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं. बोट हवेतच राहिलं. मग त्या हळूच खाली बसल्या आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

दादानं फक्त त्यांच्याकडे हात केला, जसं दुकानात शेवटची किल्ली फिरून कुलूप उघडलं की करायचा. टाळ्या थांबेनात. हेडबाईसुद्धा हसल्या, रुमालाआडून. मतं मात्र त्यांनाच जास्त पडली. लोकांना बदल टाळ्या वाजवण्यापुरता आवडतो; घरी जाऊन पुन्हा एबीसीडी गिरवायची म्हटल्यावर हात खालीच राहतात. दादाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. हेडबाई निघताना त्याच्याजवळ थांबल्या. "तुला बाकावर उभं केलं होतं रे मी," एवढंच म्हणाल्या, आणि एक पुस्तिका पर्समध्ये घालून, तुझी गप्प अक्षरं खोडून, म्हणजे बिघडवून, आणून देईन म्हणाल्या.

घरी जाताना वहिनी मध्ये चालत होती, अबोल्याची भिंत म्हणून. कोपऱ्यावरच्या दिव्याशी दादा थांबला.

"छोटे."

"काय रे?"

"आज नाटक केलंस."

"कोण म्हणतं?"

"मी किल्ल्या करतो. नकली कुठली ते मला कळतं. तुझ्या हातानं गार्डमधला यू सोडला असता? जन्मात नाही."

तिनं पदराला लागलेली खडूची धूळ झटकली. मग म्हणाली, "हात गेलाच नाही रे. सगळे बघत होते, मेल्याला लाज वाटली."

"तेच म्हणतो. मुद्दाम केलंस तेव्हा एक सुटला." दादानं पुस्तिका खिशातून काढून दिव्याखाली धरली. "हिच्यात एकही सुटलेला नाही. काल परत सगळी वाचून काढली. एकही नाही, छोटे. म्हणजे हिच्यात तू नव्हतीसच."

"तेच तर सांगत होते!"

"ऐकायला हवं होतं." त्यानं पुस्तिका परत खिशात घातली. "आता दुसरी आवृत्ती दुसऱ्या छापखान्यात देतो."

"दे की. तिथंही कुणीतरी माझ्यासारखी बसलेली असेलच. आणि एक सांगू? पान चारवर तू स्वतःच 'थ्रू' एका तऱ्हेनं लिहिलं होतंस, पान नऊवर दुसऱ्या."

"शक्यच नाही."

"मी दोन्ही सुधारले, म्हणून आठवतंय."

"तुझं लक्ष नव्हतं म्हणालीस ना?"

"माझं नव्हतं. हाताचं होतं."

"पण नियम साधा आहे, लांब उच्चार असेल तर..."

"लांब म्हणजे किती लांब? तुझा का माझा?"

वहिनी एव्हाना घराच्या दारापाशी पोचली होती. तिनं मागं वळून बघितलं. दोघं दिव्याखाली उभी राहून हातवारे करत होती, शेजारच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या.

"अबोला बरा होता," ती म्हणाली, आणि कुलूप काढायला किल्ली त्यांच्याचकडे असल्यामुळे पायरीवर बसून राहिली.